चॅपल ब्रिज लेनवर पूल नाही

गाडी वेशीबाहेर पडणार एवढ्यात आईनं ड्रायव्हरला थांबायला लावलं. मुंबईला पोचायला उशीर होईल म्हणून समीर माझ्या शेजारी नुसता चुळबुळत होता. आप्पा पुढच्या सीटवरून एकसारखे घड्याळ बघत होते. आई मात्र चपला काढून शांतपणे भैरवनाथाच्या देवळात शिरली आणि बाहेर आली ती हातात शेंडीचा नारळ घेऊन. तिनं चार वर्षांच्या रेवाच्या कपाळाला अंगारा लावला, नारळ माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "नव्या गावात पाय ठेवलास की आधी तिथल्या ग्रामदैवतापुढं हा ठेव. आपण आलोय हे त्याला कळायला नको?"

"अगं, इंग्लंडला चाललीय ती," आप्पा म्हणाले. "तिथं कुठलं आलंय ग्रामदैवत?"

"गाव आहे ना? मग असणारच," आई म्हणाली आणि गाडीत बसली. आप्पांनी ड्रायव्हरला निघायची खूण केली. गाडी नीरेचा पूल ओलांडून मुंबईच्या रस्त्याला लागली.

हे सगळं मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत बसून लिहिते आहे. गावाकडचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, "काय गं, रुळलात का आता?" आणि मी "हो हो, मस्त" म्हणते. माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांना हे "मस्त" किती पोकळ असतं ते सांगायला नको. खरं म्हणजे मला कुठंच रुळता येईना झालं होतं. दर दोन महिन्यांनी मी सोफा या भिंतीचा त्या भिंतीला नेत होते. गॅरेजमध्ये तीन घरांपासूनची काही खोकी तशीच बांधलेली होती. कढीपत्ता कुंडीतच ठेवला होता, तोही उचलता येईल एवढ्याच कुंडीत. शेजारची नागपूरची पल्लवी एकदा आत आली आणि दारातच थबकून म्हणाली, "यार, तू परत रूम चेंज केलीस? मला वाटलं मी राँग घरात आले!" आम्ही दोघी हसलो. पण ती गेल्यावर मी सोफ्याकडे बघत बसले आणि मला माझाच राग आला.

असं मी आधी नव्हते. इंग्लंडमध्ये तर मुळीच नव्हते.

समीरचं ऑफिस तिथल्या एका शहरात होतं, पण शहरात मनासारखं घर मिळेना, म्हणून आम्ही जवळच्या एका खेड्यात राहिलो. यॉर्कशायरच्या डोंगरांतलं ऑल्डरबेक. बेक म्हणजे ओढा. हा ओढा डोंगरावरून उतरतो, गावाला तीन बाजूंनी वळसा घालतो आणि खाली नदीला मिळतो. गाव म्हणजे एकच रस्ता. दोन्ही बाजूंना करड्या दगडाची घरं, एकमेकांना इतकी टेकलेली की एक काढलं तर बाकीची कोसळतील असं वाटावं. रस्त्याच्या वरच्या टोकाला टेकाडावर चर्च आणि खालच्या टोकाला पूल. पावसाळी दिवसांत पुलावरून पाणी जायचं, पण चर्चच्या पहिल्या पायरीपर्यंतही ते कधी पोचलं नाही. गाव वसवणाऱ्यांनी पाणी कुठवर चढतं ते नीट बघून देवाला वर बसवला होता, अगदी आमच्या भैरवनाथासारखा.

पूल जुन्या काळी घोड्यांसाठी बांधलेला. एकाच कमानीचा, मध्ये उंच, आणि कठडे जेमतेम माझ्या गुडघ्याएवढे. पहिल्याच दिवशी रेवा तिथून खाली वाकली आणि माझा जीव खालीवर झाला. कसले हे कठडे, म्हणून मी बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. मग कळलं, की लोकरीची ओझी घोड्यांच्या दोन्ही अंगांना लोंबायची, ती अडकू नयेत म्हणून कठडे मुद्दाम बुटके ठेवलेत. त्या दिवसापासून मला तो पूल आवडायला लागला. माझं असंच आहे. एखादी गोष्ट का आहे ते कळलं, की मला तिच्यावर रागावता येत नाही.

पुलापासून वर येताना डाव्या हाताला दगडी भिंतीचा एक चौकोन होता. छप्पर नाही, आत नुसतं गवत, आणि एक बुटकं लाकडी फाटक. समीरनं पाटी वाचली आणि म्हणाला, "भटकी जनावरं कोंडायची जागा." मी रस्त्यातच ओरडले, "अरे, कोंडवाडा!" आमची म्हैस पाटलांच्या उसात शिरली म्हणून कोंडवाड्यात गेली होती आणि आप्पा तिला सोडवायला मान खाली घालून गेले होते, ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. फोनवर आईला सांगितलं तर ती खूश झाली. "म्हणजे त्यांचीही जनावरं दुसऱ्याच्या शेतात घुसतात तर! मग काही काळजी नाही, माणसं आपल्यासारखीच असणार."

पुढं मला तो नादच लागला. चर्चच्या आवाराला एक छपराचं फाटक होतं, आत बसायला दगडी ओटे. तिरडी खांद्यावरून आणणारी माणसं तिथं टेकायची आणि पाद्री तिथं सामोरा यायचा. म्हणजे आपला विसावा. गावामागच्या डोंगरावर कुणाचीही मेंढरं चरू शकायची, ते गायरान. पुलाखाली ओढा उथळ होता आणि पाण्यात ओळीनं दगड टाकलेले होते, तो उतार. चौकातल्या दगडी खांबाभोवतीच्या पायऱ्यांवर म्हातारी मंडळी उन्हात बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर बारीक नजर ठेवायची, तो पार. गावानं पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, तो साठवायचं केवढं तरी कोठार होतं. आता तिथं लग्नं लागायची. रेवाला शाळेत सोडताना मी तिला हेच शिकवत जायची. "हे काय?" "विसावा." "आणि ते?" "कोंडवाडा." तिच्या तोंडी ते शब्द आधी बसले आणि इंग्रजी नावं नंतर आली.

आणि नारळ? तो तर पहिल्याच आठवड्यात ठेवला. रेवानं विचारलं, "आई, इथला देव कोण?" मी तिला पुलावर उभं केलं आणि म्हटलं, "जे सगळ्यात उंच, जे गावात कुठूनही दिसतं, आणि गावाचं नाव ज्याच्यावर लिहिलंय, तो." आम्ही दोघी चढून वर गेलो, नारळाला हळदकुंकू लावलं आणि चर्चच्या दाराशी कोपऱ्यात ठेवला. परत वळतो तर समोर मिसेस पार्किन. या चर्चची किल्ली सांभाळायच्या. सत्तरीच्या, काटक, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. त्यांनी नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कसाबसा धीर करून सांगितलं, की आमच्याकडे नव्या गावात आलो की देवाला असं कळवतात. मनात म्हटलं, ही आता काहीतरी टाकून बोलणार.

त्या नारळ उचलून म्हणाल्या, "असं होय. मग त्याला दिसेल अशा जागी ठेवायला हवा." आणि त्यांनी तो आत नेऊन खिडकीत ठेवला. शरद ऋतूत चर्चमध्ये सुगीचा सण झाला तेव्हा लाल भोपळे, पाव आणि डब्यांतल्या घेवड्याच्या रांगेत आमचा शेंडीचा नारळ ऐटीत बसला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण इथले झालो.

चार वर्षांनी समीरचं काम अमेरिकेला हललं. सगळं इतकं घाईत झालं की घर आवरायलाही वेळ पुरला नाही. मिसेस पार्किन पुलापर्यंत आल्या. मी म्हटलं, "आम्ही परत येऊ." त्यांनी मान हलवली. मला ते अगदी खरंच वाटत होतं.

त्यानंतर अमेरिकेच्या पूर्वेकडचं पार्सिपनी झालं. तिथं सगळं मिळत होतं, चितळ्यांच्या बाकरवडीसकट, आणि गणपतीला तर एवढी मराठी माणसं जमली की आपण परदेशात आहोत हेच विसरावं. पण सोमवारी सकाळी सगळे आपापल्या गाड्यांत बसले आणि मला कळेना, की हे गाव सुरू कुठून होतं आणि संपतं कुठं. मग थेट पश्चिमेकडचं बेलव्ह्यू. तिथं डोंगर होते, तळं होतं, झाडं तर अशी की मान मोडेल. मी चालत सुटायची, काचेच्या इमारतींमधून, आणि कसलातरी पार शोधायची. दोन्हीकडे मी नारळ ठेवला नाही. ठेवणार कुणापुढं?

आणि मग फ्रिस्को. सपाट, जिकडं बघावं तिकडं आभाळ. आमच्या सबडिव्हिजनचं, म्हणजे वसाहतीचं, नाव ओल्ड मिल क्रॉसिंग. तिथं जुनं काही नाही, गिरणी नाही, आणि ओलांडण्यासारखंही काही नाही. आमची गल्ली चॅपल ब्रिज लेन. चॅपल म्हणजे छोटं चर्च, ते नाही, आणि पूलही नाही. शेजारच्या गल्लीचं नाव ऐकून तर माझं डोकंच फिरलं. टाइद बार्न ड्राइव्ह! म्हणजे तेच ते, दहाव्या हिश्श्याचं कोठार. ज्यानं ही नावं ठेवली त्यानं ऑल्डरबेकसारखं एखादं गाव उचलून त्याच्यातलं गाव तेवढं काढून टाकलं होतं. आल्या दिवशी गाडीतून त्या पाट्या वाचताना रेवानं मागून विचारलं, "आई, इथं नारळ कुठं ठेवायचा?" मी फटकन म्हणाले, "इथं कुठलं आलंय ग्रामदैवत!" बोलून गेल्यावर लक्षात आलं, की हे तर आप्पांचं वाक्य.

त्याच आठवड्यात घरात छोटीशी पूजा केली, तर कलशावर ठेवायचा नारळच सापडेना. समीर शपथेवर सांगत होता, की इंडियन स्टोअरमधून त्यानं आणलाय आणि ओट्यावर ठेवलाय. मी म्हणत होते, तू फोनवर बोलत होतास, तुझं लक्षच नव्हतं. शेवटी सुपारीवर भागवलं. पुढं कशावरूनही वाजलं की मी त्याला तो नारळ ऐकवायची.

या वसंतात समीरच्या जुन्या साहेबांचा फोन आला. इंग्लंडच्या ऑफिसात जागा होती, त्यांना समीरच हवा होता. सोमवारपर्यंत कळवायचं. मी त्याच दुपारी मिसेस पार्किनना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, ओढ्याकाठचं गिरणीचं घर उन्हाळ्यात रिकामं होतंय. माझे पाय जमिनीवर ठरेनात. त्या गिरणीला आता चाक नाही, पण पाण्याचा आवाज अजून घरभर असतो. मी त्या घरात मनानं राहायलाही गेले. सोफा कुठं ठेवायचा हेसुद्धा ठरवलं, कायमचं.

"तू म्हणशील तसं," समीर म्हणाला. "फक्त रेवाला आधी विचारू."

रेवा आता तेराची आहे. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते आणि आमच्याशी मराठीत बोलायचं की इंग्रजीत हे तिच्या मूडवर असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नो."

"अगं, आपलं गाव आहे ते. तुला किती आवडायचं!"

"आई, आय लव्ह्ड इट. मी आठ वर्षांची होते. मग आपण मूव्ह झालो. मग परत मूव्ह झालो. मग परत. एव्हरी टाइम तू म्हणतेस, इथं काही नाहीये. इथं माझं सगळं आहे. आय अ‍ॅम नॉट पॅकिंग धिस टाइम."

मी म्हटलं, "पण आपलं गाव..."

"तुझं गाव, आई," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मला काय झालं सांगू? आधी राग आला. मग असं वाटलं, की ही पोर कुठल्याच गावाची होणार नाही, आणि ते माझ्यामुळं. मी तिला घेऊन गावोगाव फिरत राहिले आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या देखत त्या गावाला नावं ठेवली. त्या संध्याकाळी समीरनं खिचडी केली.

शनिवारी सकाळी रेवा बूट घालून माझ्यापुढं उभी राहिली. "चल. वॉकला."

आम्ही घरांच्या मागून जाणाऱ्या पायवाटेनं निघालो. मी या वाटेनं आधी गेले नव्हते असं नाही. गेले होते, कानात फोन घालून. थोड्या अंतरावर वाट एका ओढ्यातून जाते. ओढा कसला, पावसाचं पाणी काढून द्यायची चर, पण तिथं काँक्रीटच्या फरशीवरून पातळ पाणी वाहत होतं आणि रेवा उड्या मारत पलीकडं गेली.

"हा उतार," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढं जाळीच्या कुंपणात पाच-सहा कुत्री एकमेकांच्या मागं पळत होती. "डॉग पार्क. म्हणजे कोंडवाडा, पण त्यांना तिथं आवडतं." विजेच्या मोठ्या तारांखाली लांबवर गवताचा पट्टा होता, तिथं कुणी घर बांधू शकत नाही. "गायरान." स्कूल बस थांबते तो कोपरा तिची वेस होती. पोहण्याच्या तलावापाशी सावलीत बाक आहेत, तिथं पोलो शर्ट घातलेले तीन आजोबा बसले होते. एक तेलुगू, एक पंजाबी, एक गोरे. तिघांनीही माझ्याकडे बारीक नजरेनं बघितलं आणि रेवाला हात केला. तिनं मला सांगायची गरजच नव्हती.

"हे सगळं तुला कधी सुचलं?"

"आल्यापासून. तूच शिकवलंस ना."

वाट संपते तिथं पाण्याची टाकी आहे. उंच, पांढरी, पोटावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. हायवेवरून, शाळेतून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनसुद्धा दिसते. भांडी घासताना रोज दिसायची आणि मी रोज म्हणायची, काय ते धूड. टाकीभोवती जाळीचं कुंपण आणि एक कुलूपबंद फाटक.

रेवानं फाटकापाशी बोट दाखवलं. "इथं ठेवला होता."

"काय?"

"नारळ."

मला आधी उलगडाच होईना. मग तिनं सांगितलं. आल्या दिवशी मी तिच्यावर खेकसले, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं. सगळ्यात उंच, कुठूनही दिसतं, आणि गावाचं नाव वर लिहिलेलं. तिला टाकी गाडीतूनच दिसली होती. मग ओट्यावरचा नारळ दप्तरात घातला, देव्हाऱ्यातलं हळदकुंकू लावलं आणि सायकलवरून एकटी इथं आली. "मी खाली ठेवला होता. देन दोज काका, गवत कापणारे, त्यांनी मशीन थांबवलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी तो उचलून त्या खांबावर ठेवला. वर." फाटकाशेजारचा काँक्रीटचा खांब तिनं हातानं थोपटला. "खूप दिवस होता, आई. मी बसमधून बघायचे."

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू रडत होतीस तेव्हा. बाथरूममध्ये. आय हर्ड. मला वाटलं, एकानं सांगितलं तरी चालत असेल. फॅमिलीतर्फे. सो इट नोज वुई आर हिअर."

मी तिथं, भर उन्हात, जाळीला धरून रडले. पोरीनं मला रडू दिलं. मला वाटत होतं, की मी तिला गाव देऊ शकले नाही. तिनं ते अकराव्या वर्षी, माझ्याच शब्दांनी, एकटीनं वसवलं होतं, आणि त्यात माझीही जागा धरून ठेवली होती.

घरी आल्यावर मी आधी समीरची माफी मागितली, नारळाबद्दल. त्यानं लगेच नारळ आणल्याच्या बिलाचा विषय काढला, तो तसाच आहे. साहेबांना नकार कळवला. मिसेस पार्किनना सांगितलं, की उन्हाळ्यात येऊ, पंधरा दिवस, पाहुणे म्हणून. त्या म्हणाल्या, "छान. पाहुण्यांची खोली चर्चच्या बाजूची आहे." ऑल्डरबेकमध्ये आपण पाहुणे, हे म्हणणं मला सोपं गेलं नाही. पण खोटं नव्हतं ते. ज्या गावाला आपल्या पोरीनं आपलं येणं कळवलंय, ते घर. बाकीची गावं जीव लावून ठेवायची आणि सुट्टीत जायचं. आता माझ्या मनात नीरेकाठचं आमचं गावसुद्धा त्या बाकीच्या गावांतच बसतं, हे आईला कसं सांगावं ते अजून कळलेलं नाही.

आईला फोनवर एवढंच सांगितलं, की इथलं ग्रामदैवत सापडलं.

"कोण आहे?"

"पाण्याची टाकी."

मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. गावाला पाणी देते म्हणजे देवीच ती." मग विचारलं, "नारळ कुणी ठेवला?"

"रेवानं. दोन वर्षांपूर्वीच."

"तिनं ठेवला. आणि तू गं?"

रविवारी सकाळी मी इंडियन स्टोअर उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. शेंडी अर्धीमुर्धी असलेला एक नारळ मिळाला. त्याला हळदकुंकू लावलं, उताराच्या वाटेनं चालत गेले, आणि खाली न ठेवता सरळ खांबावरच ठेवला, दिसेल असा. आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी मी हळूच म्हणाले, "बाई गं, आले मी. जरा उशीर झाला."